आबांची फूटपट्टी आणि इन्स्टॉलरची पट्टी

कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम बसवणारा प्रोग्राम म्हणजे इन्स्टॉलर; काम किती झालं ते दाखवत त्याची पट्टी पडद्यावर सरकत असते. ती पट्टी बघत बसणं हा माझ्या धंद्याचाच भाग आहे. मालवण तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात माझं झेरॉक्स, डीटीपी आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सातबाऱ्याच्या प्रिंट, परीक्षांचे फॉर्म, आणि मधूनच कुणीतरी ‘जरा विंडोज मारून दे गो’ म्हणत काउंटरवर टेकवलेला सीपीयू. पट्टी चालू करून द्यायची, दुसऱ्या कामाला लागायचं, अधूनमधून मान वर करून बघायचं. इतक्या वर्षांत त्या पट्टीकडे मी कधी नीट लक्ष दिलं नव्हतं. ते द्यायला लावलं आबांनी.

आबा म्हणजे आमच्या वाचनालयाचे कार्यवाह, निवृत्त पोस्टमास्तर. वाचनालयात एका मुंबईकर देणगीदाराने ऑफिसातले जुने कॉम्प्युटर पाठवले होते. इंटेलच्या तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्डडिस्क, सगळ्यांवर विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षेचे अपडेट वगैरे) थांबवला आणि आबांनी पेपरातली बातमी कापून माझ्याकडे आणली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमची यंत्रं त्यात कुठेच बसत नव्हती. वाचनालयात लोक पेपर वाचायला, फॉर्म भरायला, मुलं टायपिंग शिकायला येतात. त्यासाठी लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम भरपूर झाली. तेव्हा मिंट २२.२ टाकायचं ठरलं. एका यंत्रावर मात्र पुस्तकांची नोंद ठेवणारा जुना प्रोग्राम आहे, तो विंडोजवरच चालतो, म्हणून तिथे विंडोज ठेवून शेजारी मिंट बसवायचं.

दिवाळी उलटली तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. दुपारनंतर आभाळ भरून यायचं, विजा कडाडायच्या आणि लाईट जायची. कोकणात राहणाऱ्याला याचं नवल नाही. झाडाची फांदी तारेवर पडली की दोन तास, खांबच आडवा झाला तर किती ते देव जाणे. वाचनालयात इन्व्हर्टर आहे, पण त्याची लाईन पंखे आणि ट्यूबलाईटपुरती. कॉम्प्युटरच्या टेबलाखाली जे यूपीएस होते त्यांच्या बॅटऱ्या कधीच्या मेलेल्या. लाईट गेली की नुसतं ‘टी’ करून सोबत निघून जायचे.

म्हणून आबांचा पहिला प्रश्न किती वेळ लागेल हा नव्हताच. लाईट जायच्या आत होईल का, आणि मधेच गेली तर काय, असं त्यांनी विचारलं. पोस्टातला माणूस. अर्धवट राहिलेल्या व्यवहाराची धास्ती हाडात मुरलेली.

पट्टीकडे वळण्याआधी पेट्या उघडाव्या लागल्या. खाऱ्या हवेने स्क्रू गंजून बसलेले, एका पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात पालीची अंडी, दुसऱ्यात मुंग्यांनी मातीचं घर केलेलं. रॅमचे पाय काळपट पडले होते, ते खोडरबराने घासून लख्ख केले. सगळ्यांचे सीएमओएसचे, म्हणजे आतलं घड्याळ चालू ठेवणारे, सेल उतरलेले होते, त्यामुळे घड्याळं वर्षानुवर्षं मागे. हे आधी बघावंच. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, आणि मग इन्स्टॉलर नेटवरून काही उतरवायला गेला की उगाच अडतो.

पहिली पट्टी दिसली ती माझ्याच दुकानात, पेनड्राइव्ह बनवताना. मिंटची फाइल पावणेतीन-तीन जीबीच्या घरातली. पट्टी झरझर सरकली, शेवटाला टेकली आणि थांबली. आबा शेजारी बसले होते. ‘झाला मां? काढ आता.’ मी पेनड्राइव्हवरचा बारीक निळा दिवा दाखवला. तो अजून लुकलुकत होता. लिनक्समध्ये फाइल लिहायला सांगितली की ती आधी रॅममध्ये जाते, आणि तिथून सवडीने पेनड्राइव्हवर उतरते. साधी पट्टी मोजते ती रॅममध्ये गेलेला माल. उतरायचं काम मागे चालूच असतं. रॅम जास्त आणि पेनड्राइव्ह मंद, तर पट्टी संपल्यावरही चांगली काही मिनिटं दिवा लुकलुकत राहतो. त्या वेळात पेनड्राइव्ह उपटला तर फाइल अर्धी. ‘इजेक्ट’ केल्यावर ‘आता काढा’ असं आलं, की मगच हात लावायचा. लिहून झाल्यावर परत वाचून पडताळा घेणारे प्रोग्राम मिळतात. मी तेच वापरते. दुसरी पट्टी बघावी लागते, पण तिच्या शेवटाला काही अर्थ असतो.

आबांनी हे सगळं वाचनालयाच्या जुन्या रजिस्टराच्या मागच्या पानावर टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ मोकळं बघून पहिलं यंत्र घेतलं. भाषा, कीबोर्ड, सगळी डिस्क पुसून टाकायची, वेळ, नाव, पासवर्ड, पुढे. खाली पट्टी आली, वर मिंटची जाहिरातवजा चित्रं फिरायला लागली. मिंटच्या या इन्स्टॉलरमध्ये टक्क्यांचा आकडा नसतो, नुसती पट्टी आणि तिच्याजवळ एक ओळ मजकूर. आबांना आकडा हवा होता. त्यांनी टेबलाच्या खणातून मुलांची फूटपट्टी काढली आणि मॉनिटरच्या काचेला लावली. दर पाच मिनिटांनी किती सेंटिमीटर झाले ते घड्याळाच्या वेळेसह रजिस्टरात. मला आधी हसू आलं. पण पोस्टमास्तरांच्या त्या पानावर जे उमटलं ते फार बोलकं होतं.

फाइली कॉपी होताना पट्टी पहिली काही मिनिटं वेगात धावली. मग मंदावली. रॅममधली जागा भरली की लिहिणाऱ्याला डिस्कच्या चालीने चालावं लागतं, आणि या जुन्या डिस्कवर सलग मोठी फाइल सेकंदाला शंभरेक एमबीने जात असली तरी बारीकसारीक हजारो फाइली विखरून लिहायच्या म्हटलं की तोच वेग एक-दोन एमबीवर येतो. ‘ऑलमोस्ट फिनिश्ड कॉपिंग फाइल्स’ अशी ओळ आली. आबांनी चष्मा वर सरकवला. फूटपट्टी त्याच खुणेवर. पाच मिनिटांनी पुन्हा बघितलं, त्याच खुणेवर.

‘ह्या यंत्र खोटा बोलता गो.’

खोटं बोलत नव्हतं. त्याच्या हिशोबाने थोडंच राहिलं होतं. त्या थोड्याला किती वेळ लागेल हे त्याला ठाऊक नव्हतं. कणकवलीहून मालवणला निघालेल्या एसटीत कुणी कसाल, कट्टा, चौके असे थांबे मोजून ‘निम्मं आलं’ म्हणावं, तसा इन्स्टॉलरचा हिशोब असतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने कामाचे टप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक टप्प्याला पट्टीचा एक तुकडा वाटून दिलेला असतो: कॉपीला इतका, हार्डवेअरच्या जुळणीला इतका, नको असलेली पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामचे गठ्ठे, काढायला इतका. ही वाटणी करताना त्याच्यासमोर त्याचं स्वतःचं यंत्र असतं, त्याचं इंटरनेट असतं. आमची गंजलेली हार्डडिस्क त्याच्या हिशोबात कुठून येणार?

कॉपी संपली. ‘कॉन्फिगरिंग हार्डवेअर’ आलं आणि डिस्कचा लाल दिवा चक्क विझला. इथे माणसं घाबरतात, हँग झालं म्हणून बटण दाबून बंद करतात. दिवा विझतो, कारण त्या वेळी डिस्कचं नव्हे, प्रोसेसरचं काम चाललेलं असतं. यंत्र सुरू होताना लागणारी एक कॉम्प्रेस केलेली फाइल तयार होत असते. पंख्याचा आवाज वाढला होता, तो मी आबांना ऐकवला. मग पॅकेजं काढायचा टप्पा. पेनड्राइव्हवरून चालवायला लागणारी, पण आता नको असलेली पॅकेजं, न निवडलेल्या भाषांच्या फाइली हे सगळं इन्स्टॉलर शेवटी काढून टाकतो. काढण्याचं काम करणारा डीपीकेजी हा प्रोग्राम भारी काटेकोर. आपली नोंद डिस्कवर खरोखर उतरली याची खात्री पटल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नाही. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, असेल तर हे कळतही नाही. जुन्या हार्डडिस्कवर लाल दिवा अखंड जळत राहतो आणि फूटपट्टीवर एक मिलिमीटर हलत नाही.

त्या पट्टीच्या शेजारी एक छोटा बाण असतो. तो दाबला की खाली काळी चौकट उघडते आणि इन्स्टॉलर आत्ता काय करतोय ते ओळीने येत राहतं. मी तो दाबून दिला. आबांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ओळी वर सरकतायत एवढं दिसलं आणि त्यांनी फूटपट्टी खाली ठेवली. मला वाटतं पट्टीपेक्षा ती चौकट लाखमोलाची आहे, आणि हल्लीचे इन्स्टॉलर ती जितकी लपवतात तितका मला त्यांचा राग येतो. डेबियन या दुसऱ्या लिनक्सचा जुन्या धाटणीचा इन्स्टॉलर दिसायला अगदीच साधा, पण अमुक फाइलींपैकी अमुकावी उतरवतोय असं स्वच्छ सांगतो, आणि ऑल्ट-एफ४ दाबलं की सगळी नोंद समोर. उलट विंडोज १० मध्ये पहिल्या रिस्टार्टनंतर ठिपके गोल फिरत राहतात, आत काय चाललंय ते कळत नाही. तिथेही फाइली उतरण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात शिफ्ट-एफ१० दाबलं की काळी खिडकी उघडते आणि पँथर नावाच्या फोल्डरात सेटअपची नोंद वाचता येते, पण हे किती जणांना माहीत असतं!

मी कॉम्प्युटर शिकले ते कुडाळच्या एका क्लासमध्ये, विंडोज एक्सपीच्या काळात. तेव्हा आधी निळा पडदा, पिवळी पट्टी, मग रिस्टार्ट आणि डावीकडे टप्प्यांची यादी, तिच्याखाली ‘अंदाजे ३९ मिनिटं’. यंत्र कुठलंही असो, सुरुवात ३९ नेच. ३४ वर आलं की उपकरणं ओळखण्याचा टप्पा, आणि तिथे ती ३४ मिनिटं तशीच लटकून राहायची. मिनिटं म्हणून जे दिसायचं ते घड्याळ नव्हतंच, टप्प्यांनाच दिलेले आकडे होते. आम्ही क्लासमधली पोरं ३४ ला चहाला जायचो. एक गोष्ट मात्र एक्सपीत छान होती. कोपऱ्यात बारीक हिरवे चौकोन एकामागून एक पेटत राहायचे. ते थांबले, की समजायचं गडबड आहे. किती झालं आणि जिवंत आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं दोन वेगळ्या जागी मिळायची.

या विषयावर माणसांनी अभ्यास केलेत. १९८५ साली संशोधक ब्रॅड मायर्स यांनी टक्केवारी दाखवणाऱ्या पट्टीवर निबंध लिहिला. किती झालं ते दिसत असलेलं लोकांना जास्त पसंत पडतं, असं त्यांनी दाखवलं. जेकब नील्सन यांनी ठोकताळा दिला, की दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायला लावणार असाल तर टक्के दाखवा. २००७ मध्ये ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी माणसांना वेगवेगळ्या चालीच्या पट्ट्या दाखवल्या. शेवटी वेग घेणारी पट्टी लोकांना लवकर संपल्यासारखी वाटली, आणि शेवटाजवळ अडखळणारी सर्वांत जाचक. २०१० मध्ये त्यांनीच दाखवलं, की पट्टीवरचे पट्टे उलट्या दिशेने सरकवले तर तोच वेळ सुमारे ११ टक्के कमी भासतो. म्हणजे वाट बघणाऱ्याला कमी कंटाळा यावा याची सोय झाली. आबांना कंटाळ्याची फिकीर नव्हती. त्यांच्याकडे वाचायला दोन पेपर होते.

आणि मग लाईट गेली. दुसऱ्या यंत्रावर, कॉपी चालू असताना, दुपारी. आधी खाडीपलीकडे गडगडलं, मग ट्यूब एकदा मिणमिणली, यूपीएसने ‘टी’ केलं आणि पडदा काळा.

‘आता सगळा गेला?’ आबांचा चेहरा उतरला होता.

काहीच गेलं नव्हतं. डिस्क तर आपण पुसायलाच निघालो होतो. तिच्यावर जे अर्धवट उतरलं ते पुन्हा पुसलं जाईल, पुन्हा पहिल्यापासून. गेला तो तेवढा वेळ. हे सांगितल्यावर आबांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि म्हणाले, असं असेल तर प्रत्येक टप्प्यापुढे लिहून दे, इथे गेली तर काय. पंखे इन्व्हर्टरवर फिरत होते, पाऊस कौलांवर आपटत होता, करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मी लिहायला बसले, आणि लिहिताना माझ्या लक्षात आलं की हे कुठल्याच इन्स्टॉलरच्या पडद्यावर मी कधी वाचलेलं नाही.

डिस्क वाटून घेण्याच्या पडद्यापर्यंत, म्हणजे ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबून खात्री देईपर्यंत, डिस्कवर काहीच लिहिलेलं नसतं. खुशाल जाऊ दे लाईट. नंतर सगळी डिस्क पुसून बसवत असलो, तर थेट शेवटपर्यंत नुकसान फक्त वेळेचं. भाषेच्या फाइली नेटवरून उतरत असतील तर तिथे ‘स्किप’चं बटण असतं, ते दाबलं तरी चालतं, त्या नंतर आणता येतात. बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना कुठली सिस्टिम उठवायची ते ठरवणारा भाग, लिहिला जात असताना गेली तर यंत्र सुरू होणार नाही, पण पेनड्राइव्हवरून चालू करून तो परत बसवता येतो. आणि जिथे आधीची सिस्टिम ठेवून तिचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा तिचा वाटा, आवळायचं असतं, तिथे मात्र लाईट जाता कामा नये. आवळताना शेवटाकडचा डेटा उचलून अलीकडे आणला जातो, त्याच्या नोंदी बदलल्या जातात. ते अर्ध्यावर तुटलं तर मूळ डेटाच जायची भीती. त्या ओळीखाली मी लाल पेनाने दोन रेघा मारल्या.

लाईट संध्याकाळी आली. यंत्र परत लावलं तर पट्टी कॉपीच्या मध्यावर येऊन थांबली ती थांबलीच. बाण दाबून चौकट उघडली, नवी ओळ नाही. मिंट पेनड्राइव्हवरून चालू असल्याने टर्मिनल उघडून कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, नोंद बघता आली. एकच तक्रार पुन्हा पुन्हा: एसडीए (म्हणजे ती हार्डडिस्क), अमुक सेक्टर (तिच्यावरचा एक बारीक तुकडा), इनपुट-आउटपुट एरर. कान लावला तर डिस्कमधून टक्… टक्… असा आवाज. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ती, ‘स्मार्ट’ची, माहिती काढली, तर वाचता न आलेले सेक्टर कितीतरी. लाईट जाण्याने हे झालं का, असं आबांनी दोनदा विचारलं. डिस्क आधीपासूनच आजारी असणार. एवढे सेक्टर एका दुपारीत जात नाहीत, आणि तोवर कुणी सगळ्या डिस्कवर एकदम लिहायलाच गेलं नव्हतं.

इथे पट्टी काही सांगू शकत नव्हती. मंद डिस्क आणि मरणारी डिस्क, दोन्हींच्या वेळी ती सारखीच उभी राहते. फरक कळला तो नोंदीवरून आणि आवाजावरून. माझा साधा नियम असा: पट्टी थांबली तर आधी दिवा, मग पंखा, मग ती काळी चौकट. तिन्हीकडे शांतता असेल, किंवा नोंदीत तीच तक्रार फिरून फिरून येत असेल, तरच बटणाकडे हात न्यायचा.

कुडाळहून २४० जीबीची एसएसडी मागवली आणि त्याच यंत्राला लावली. आता गंमत बघा. तोच पेनड्राइव्ह, तोच इन्स्टॉलर, तीच पट्टी. आबा फूटपट्टी लावेपर्यंत कॉपी संपलीसुद्धा. पॅकेजं काढण्याचा टप्पा, ज्याने पहिल्या यंत्रावर आमचा जीव खाल्ला होता, तो डोळ्यांदेखत उडून गेला. आणि सगळ्यात जास्त वेळ खाल्ला भाषेच्या फाइली उतरवण्याने, कारण इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट आणि पावसात रेंज येते-जाते. तिथे इन्स्टॉलर उरलेला वेळ दाखवतो. तो दोन मिनिटांवरून अकरावर गेला, अकरावरून चारवर आला. गेल्या काही क्षणांच्या वेगाने भागाकार केला की असंच होणार. ‘स्किप’ दाबलं. आबांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली: एका यंत्रावर वेळ शेवटाकडे साचलेला, दुसऱ्यावर मध्येच, आणि पट्टीची लांबी दोन्हीकडे तेवढीच.

राहिलं ते विंडोज-मिंट जोडीचं यंत्र, रजिस्टरातल्या लाल रेघांचं. ते मी वाचनालयात करायचं नाही असं ठरवलं. सीपीयू रिक्षात घालून दुकानात आणला. माझ्याकडे यूपीएसला नवी बॅटरी आहे आणि मागे इन्व्हर्टर. आधी पुस्तकांच्या नोंदीची फाइल आणि बाकी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि तशा पार्टिशनला लिनक्स हात लावायला तयार नसतं. लावूही नये. पार्टिशन आवळायचं काम मी शक्यतो विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच करते. पण तिथे हलवता न येणाऱ्या फाइली मधेच ठाण मांडून बसल्या होत्या, त्यामुळे विंडोज हवी तेवढी जागा सोडेना. मग मिंटच्याच इन्स्टॉलरकडून करून घ्यायचं ठरलं. त्याने विचारलं, हा बदल मागे घेता येणार नाही आणि वेळ लागू शकेल, पुढे जाऊ? लाईटचं नाव नाही.

‘कंटिन्यू’ दाबलं. बारीकशी चौकट, तिच्यात पट्टी, आणि पट्टी जागच्या जागी. डिस्कचा दिवा मात्र ढणढण. मी काउंटरवर झेरॉक्स काढत होते, पण लक्ष सगळं त्या दिव्याकडे. आबांचा फोन.

‘अजून किती येळ लागतलो?’

‘ठाऊक नाय, आबा. दिवो जळता हा, ता बरा.’

‘लाईट आसा ना थंय?’

‘आसा. गेली तरी इन्व्हर्टर आसा.’

‘मगे पुरो.’ फोन बंद.

चौकट गेली आणि पुढचा पडदा आला तेव्हाच पट्टी कधी हलली ते कळलं: शेवटी एकदम. पुढचं मिंट नेहमीसारखं बसलं. रिस्टार्टला दोन्ही सिस्टिमची यादी आली, आधी विंडोज उघडून पार्टिशन तपासायला लावलं, पुस्तकांचा प्रोग्राम चालू केला, नोंदी जागच्या जागी होत्या.

विंडोज सुरू होताच त्याने आधीच उतरवून ठेवलेले जुने अपडेट बसवायला घेतले. निळा पडदा, गोल फिरणारे ठिपके, तीस टक्के, कॉम्प्युटर बंद करू नका. मग रिस्टार्ट, पुन्हा टक्के पहिल्यापासून. हे मोठ्या अक्षरात बजावणं बघून मला नवल वाटलं. कारण अपडेट चालू असताना लाईट गेली, तर विंडोज बहुतेक वेळा पुढच्या वेळी उठल्यावर झालेले बदल मागे घेतं, ‘अनडूइंग चेंजेस’ म्हणतं आणि पूर्वीच्या जागी येऊन उभं राहतं. सावरायची व्यवस्था तिथे आहे. आणि ज्या चौकटीत थोड्या वेळापूर्वी माझा जीव टांगणीला लागला होता, ती ‘वेळ लागेल’ एवढंच म्हणून गप्प बसली होती. बायोसचं, म्हणजे यंत्र चालू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचं, अपडेट करताना गेली तर मदरबोर्डच निकामी व्हायची भीती, तिथे इशारा असतो आणि तो रास्त आहे. बाकी ठिकाणी कुठे किती ओरडायचं याला काही धरबंध दिसत नाही.

इन्स्टॉलर लिहिणाऱ्यांना कुणी माझं मत विचारणार नाही. पण विचारलंच, तर मी टक्के सुधारा असं सांगणार नाही. उरलेला वेळ बरोबर सांगता येत नाही ते समजण्यासारखं आहे. डिस्क कशी निघेल, नेट किती चालेल, हे आधी कुणाला कळणार? पण आत्ता वीज तुटली तर काय होईल, हे मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं. टप्पा त्यानेच लिहिलेला असतो. पट्टीखाली एक ओळ पुरे: आत्ता गेलं तर नुसतं पुन्हा करावं लागेल, किंवा, आता दहा-वीस मिनिटं सांभाळा.

आबांनी रजिस्टरातलं पान मला डीटीपी करून द्यायला सांगितलं, वाचनालयाच्या भिंतीवर लावायला. टप्पे एका बाजूला, ‘लाईट गेल्यास’ दुसऱ्या बाजूला, आणि शेजारी रंग: हिरवा, पिवळा, लाल. पार्टिशन आवळणं आणि बायोस लाल, बूटलोडर पिवळा, बाकी बहुतेक हिरवं. एकाच ओळीवर आमचं जमेना. विंडोजच्या अपडेटला आबा लालच मागत होते, पडद्यावर एवढं स्पष्ट लिहिलंय म्हणून. मी हिरव्यावर अडून होते. त्यांचं म्हणणं, बहुतेक वेळा मागे घेतं म्हणजे नेहमी घेतं असं नव्हे, आणि भिंतीवरचा कागद वाचणारा शाळकरी मुलगा ‘बहुतेक’ हा शब्द वाचत नाही. शेवटी त्या ओळीला पिवळा दिला.